ऐकायची काठी

पन्नास वर्षं होड्या बांधलेला माणूस एका रिकाम्या पेटीला घाबरला, हे आनंदा सुताराने मेला तरी कबूल केलं नसतं. पेटी घरात आल्यापासून त्याची झोप उडाली होती खरी, पण त्याचं खापर तो रोज नव्या गोष्टीवर फोडायचा. एक दिवस उकाडा, एक दिवस डास, एक दिवस हौसाने कालवणात टाकलेलं तिखट.

हौसा त्याची मुलगी. नवरा गेल्यावर ती पनवेलला खाडीच्या बाजूला एकटीच राहत होती, म्हणून करंजा गावातलं आपलं चंबूगबाळं आवरून आनंदा दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे आला. गुडघे आता होडीच्या पोटात शिरून बसायला तयार नव्हते. इथे तो दारं करायचा, पाळणे करायचा, खाटांचे पाय करायचा, आणि हे सगळं किती पोरखेळाचं काम आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. पाण्यावर तरंगत नाही ते काय लाकूडकाम, असं त्याचं म्हणणं होतं.

पंचावन्न सालच्या चैत्रात एका सकाळी नझीर हातगाडीवर ती पेटी घालून आला. नझीरचं बाजारात दोरखंडाचं दुकान होतं. त्याच्या मागोमाग पांढऱ्या चादरीत त्याची आई चालत आली, सुगराबी. साठीच्या पुढची, वाळकी, पण अजून ताठ.

"चाचा, अम्मीला फार कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने बोला," नझीर म्हणाला. "ही फोनोची पेटी. यंत्र काढून आम्ही घरी ठेवलंय."

फोनो जुना होता, तबकडीच्या बाजाच्याही आधीचा, मेणाच्या नळकांड्या वाजवणारा. नझीरचा बाप अब्दुल्ला जहाजावर खलाशी होता. त्याने तो जंजिबारहून आणला होता. त्या काळी कोऱ्या नळकांड्याही मिळायच्या, भोंग्यात तोंड घालून बोललं की आवाज मेणावर कोरला जायचा. शेवटच्या सुट्टीत अब्दुल्लाने तसा आपला आवाज भरून ठेवला, बोटीवर चढला आणि पहिल्या महायुद्धात बोटीसकट बुडाला. बाकीच्या नळकांड्या पावसाळ्यांत बुरशी येऊन गेल्या. ही एक सुगराबीने कापसात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात जपली. सुई फिरली की मेण थोडं थोडं झिजतं, म्हणून ती फक्त शुक्रवारी लावायची, दुपारच्या नमाजानंतर, एकदाच.

"पेटीत दम राह्यला नाय," सुगराबी म्हणाली. बहिऱ्या माणसांसारखी ती सगळं एकाच पट्टीत बोलायची. "माझ्यापर्यंत पोचत नाय तो आता."

कान गेले बाईचे आणि दोष पेटीला, असं आनंदाच्या मनात आलं. पण मालाला हात लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा त्याचा नेम. त्याने कमरेची काठी काढली.

ही काठी त्याच्या कमरेला कायम खोचलेली असायची. शिसवीची, हातभर लांब, बोटाएवढी जाड, एका टोकाला दातांचे खोल वळ. करंजाचे जुने सुतार अशी काठी बाळगायचे आणि तिला ऐकायची काठी म्हणायचे. एक टोक दातांत धरायचं, दुसरं फळीला टेकवायचं आणि फळीवर टिचकी मारायची. कानांना जे कळत नाही ते दातांतून थेट डोक्यात शिरतं. फळी आतून कुजली असली, किडीने खाल्ली असली, तर लगेच समजतं. होडी पाण्यात लोटण्याआधी आनंदा तिचं अंगन् अंग असं ऐकून घ्यायचा.

त्याने पेटीच्या तळावर काठी टेकवली आणि टिचकी मारली. डोक्यात काहीच उमटलं नाही. पिठाच्या पोत्यावर टिचकी मारावी तसं झालं. त्याने पेटी उलटी केली, अंगठ्याने तळ दाबला, तर अंगठा आत गेला आणि पिवळा भुगा भसकन खाली पडला.

"बाईचं बरोबर हाय," तो नझीरला म्हणाला. मग सुगराबीच्या कानाशी ओरडला, "तळ खाल्लाय किडीनं! नवा घालतो! परत कीड लागली तर आनंदा नाव सांगणार नाय!"

सुगराबीचं लक्ष त्याच्या हातातल्या काठीकडे होतं. "कीड मरो," ती म्हणाली. "लाकूड बोललं पायजे."

ती दोघं गेली आणि शेजारची मालू आली. मालू सुकी मासळी विकायची, आणि कुणाच्या घरात काय आलं-गेलं त्याची बित्तंबातमी ठेवायची.

"मेल्या माणसाचा आवाज चाळीस वर्सं त्यात कोंडलाय," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "आत पाय नाय टाकायची मी. लोणचं बरणीत मुरतंय, मग आवाज लाकडात नाय मुरायचा?"

आनंदा तिला हसला. पण हौसाने धसका घेतला, आणि खरं सांगायचं तर आनंदानेही. त्या दिवसापासून तो पेटीकडे पाठ करून बसेना. रंधा मारता मारता मान वळवून बघायचा. एकदा त्याने बाजूची फळी ऐकायला काठी दातांत धरली आणि टिचकी मारायच्या आधीच आतून काहीतरी कण्हलं. हातातला हातोडा पडला. उन्हाने तापून जुनं लाकूड कुरकुरलं होतं, दुसरं काय असणार, पण त्याला घाम फुटला तो फुटला. बुडलेल्या माणसांची त्याला नाही म्हटलं तरी भीती होतीच. त्याने बांधलेल्या होड्यांतूनही दोन माणसं बुडून गेली होती.

काम मात्र त्याने जीव ओतून केलं. कुजका तळ काढून मोरा बंदरात मोडीत निघालेल्या एका मचव्याची सागवानी फळी घातली, पन्नास पावसाळे खाल्लेली, टिचकीला घंटेसारखी बोलणारी. बाजूच्या फळ्या परदेशी लाकडाच्या होत्या. त्यांना किडीची बारीक भोकं होती, पण जीव शाबूत होता. त्या त्याने तशाच ठेवल्या. सुटलेले सांधे सरस लावून बसवले, मोडलेली नक्षी नव्याने कोरली.

आणि मग त्याने पेटीला आतून तेल लावलं.

काजूच्या टरफलांचं काळं तेल. करंजाला होडीला ते आतून फासतात, म्हणजे कीड वर्षानुवर्षं फिरकत नाही. तेल जहाल असतं. ओलं तेल अंगाला लागलं तर बिब्ब्यासारखं उततं, पाण्याने भरलेले फोड येतात, डोळ्यापाशी गेलं तर डोळा जायचीही भीती असते. पण होडी दोन-दोन महिने उन्हात पडून असते, तेल लाकडात वाळून जातं. आनंदाच्या हातांना तर पन्नास वर्षांत एक फोड आला नव्हता. तेल उततं हे तो विसरला होता असं नाही. ते नवख्यांना उततं, अशी त्याची पक्की समजूत होती. शिवाय आतून लावलेलं तेल. पेटीच्या आत हात घालतंय कोण? कीड लागणार नाही असं तो गर्जून सांगून बसला होता, तेव्हा पेटीला त्याने होडीसारखंच वागवलं. फक्त उन्हात दोन महिन्यांऐवजी तीन दिवस ठेवलं.

वरून लाखेचं पॉलिश चढवायचं होतं. पॉलिशचा बोळा हलक्या हाताने फिरवावा लागतो, म्हणून ते काम त्याने हौसाला दिलं. काढलेल्या जुन्या तळाचा एक धड उरलेला तुकडा तेल-पॉलिश करून नमुना म्हणून खिडकीत ठेवला. हौसा देवाचं नाव घेत घेत शनिवार, रविवार, सोमवार बोळा फिरवत राहिली. पेटी अशी झळकली की मालूसुद्धा उंबरा ओलांडून आत आली.

मंगळवारी आनंदाने स्वतः पेटी नझीरच्या मोहल्ल्यात पोचवली. नझीरने यंत्र बसवलं, भोंगा चढवला. सुगराबीने पेटीवरून हात फिरवला. आनंदाने चहा घेतला, नझीरकडून कौतुक ऐकून घेतलं, आणि निघाला. अर्ध्या वाटेत आठवलं, यंत्र बसवताना काढलेली कानस तिथेच राहिली.

तो परतला तेव्हा पडवीत कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सुगराबी जमिनीवर एकटीच बसली होती, चादर खांद्यावर घसरलेली. तिने उजवा गाल पेटीच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत, घट्ट दाबून धरला होता आणि दोन्ही हातांनी पेटीला कवेत घेतलं होतं. शुक्रवारपर्यंत थांबायला तिला धीर निघाला नसावा. भोंग्यातून नुसती खरखर येत होती. सुगराबी डोळे मिटून हळूच म्हणाली, "येतं. येतं."

परक्याच्या घरात नको ते पाहिल्यासारखं आनंदाला झालं. कानस तशीच टाकून तो उलट्या पावली बाहेर पडला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई कानांनी ऐकतच नव्हती. आपण होडी ऐकतो तशी ती लाकडातून ऐकत होती, गालाच्या हाडाने. म्हणून तळ कुजल्यावर नवरा तिच्यापर्यंत पोचेनासा झाला. आणि आता पोचला, आपल्या फळीतून पोचला. आनंदाला स्वतःचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन त्याने हौसाच्या कालवणालाही नावं ठेवली नाहीत.

तो अभिमान तीन दिवससुद्धा टिकला नाही.

गुरुवारी संध्याकाळी हौसाचे हात खाजू लागले. शुक्रवारी सकाळी बघितलं तर दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले, लाल, आणि बोटांच्या बेचक्यांतून पाण्याचे फोड. मानेवर जिथे जिथे तिने खाजवलं होतं तिथेही तेच. मालू धावत आली, बघितलं आणि छाती पिटली.

"लागला! सांगत व्हते मी! तो बुडालेला लागला हिला!" मालू म्हणाली. "नारळ आणा, लिंबू आणा. तीन दिवस त्याच्या पेटीला चोळत बसली, तो सोडेल व्हय?"

हौसा रडायला लागली. आनंदाही घाबरला. पण खरी गोष्ट सांगायची तर त्या भीतीच्या आत कुठेतरी त्याला बरं वाटत होतं. भूत असेल तर भूत. भुताला सुतार काय करणार?

मग तो हौसाचे हात बघायला वाकला आणि त्याला वास आला. अगदी पुसट, कडवट, जळक्या टरफलांसारखा. तो आंधळा झाला असता तरी त्याने हा वास ओळखला असता. तो उठून खिडकीशी गेला. नमुन्याचा तुकडा चैत्राच्या उन्हात पडला होता. त्याच्या चकचकीत पॉलिशवर, किडीच्या एकेका भोकातून, मोहरीएवढे काळे थेंब वर आले होते. माणसाच्या नाकावर घाम यावा तसे.

हौसाला बोळ्यातून उतलं होतं, ते हातावर निभावलं. पण पेटीलाही असाच घाम फुटला असणार. आणि पेटीला सुगराबीचा गाल होता. गालाच्या वर डोळा होता.

"कुणाला बोलू नका, बाबा," मालू लिंबू आणायला गेली तशी हौसा दबक्या आवाजात म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं होतं. "त्या बाईला काय झालंच असंल तर लोक बाजाला दोष देतील. मालू आत्ताच गावभर करून सोडंल. तुमचं नाव कशाला येतंय?"

आनंदा खाली बसला. तो बराच वेळ बसून राहिला, आणि त्या वेळात त्याने काय काय विचार केले ते ऐकण्यासारखे नाहीत. मोहल्ल्यात जाऊन, परक्या बाईच्या तोंडाची वाट मी लावली असं सांगायचं? नझीर काय करील? चार माणसं गोळा करील, चौकीवर नेईल. पुन्हा कोण आपल्याला पाळणा सांगेल? तेलाचा सुतार म्हणतील, करंजापर्यंत नाव जाईल, आणि ज्यांच्या होड्यांना आपण नावं ठेवली ते सगळे पोट धरून हसतील. आणि समजा, तिला काही झालंच नसेल तर? म्हातारी कातडी, जाड असेल. पेटी आता तिच्या घरात आहे, आपल्या नाही. असं तो स्वतःला समजावत राहिला, आणि तोंडचं पाणी पळालेलं काही परत येईना.

तेवढ्यात मोहल्ल्याकडून बांग ऐकू आली. शुक्रवारची.

नमाज होईल, आणि मग सुगराबी नळकांडी लावील, आणि पेटीवर गाल ठेवील. आनंदा उठला. त्याने खोबरेलाची बाटली खिशात कोंबली, काठी कमरेला होतीच, आणि वहाणा न घालताच तो बाहेर पडला.

त्या दिवशी तो म्हातारा वडाळे तळ्याच्या काठाने ज्या चालीने गेला ती बघून लोकांना वाटलं असेल, कुठे आग लागली. तळपाय भाजत होते. गुडघे दर पावलाला शिव्या देत होते. त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, डोळ्याच्या कोपऱ्यावर बसलेला एक काळा थेंब. मेलेल्या अब्दुल्लाची भीती आता कुठल्या कुठे गेली होती. जिवंत बाईच्या डोळ्यापुढे ती काहीच नव्हती. दोनदा तो थांबला. एकदा दम लागला म्हणून, आणि एकदा, मोहल्ल्याचं वळण आल्यावर, परत फिरावं असं वाटलं म्हणून. ही दुसरी वेळ जास्त लांबली. मशिदीतून माणसं बाहेर पडायला लागली होती. ती बघून मात्र तो धावला.

दार आसियाने उघडलं, नझीरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने.

"सुतारचाचा? अब्बा अजून आले नाहीत नमाजहून."

"दादी कुटं हाय तुजी? बाजा लावला का तिनं?"

"लावतेच आहे. मी नको म्हणत होते. तिला बरं नाही हो. बुधवारपासून तोंडावर नागीण झालीय, डोळासुद्धा उघडत नाही."

आनंदाने चौकट धरली. मग आसियाला बाजूला सारून तो आत घुसला. परक्या घराच्या आतल्या खोलीत न विचारता तो आयुष्यात पहिल्यांदा शिरत होता.

सुगराबी पेटीसमोर बसली होती. नागीण समजून कुणीतरी तिच्या उजव्या गालाला गेरू फासला होता, आणि गेरूच्या लाल थराखाली फोडांची रांगच्या रांग उठली होती. उजव्या डोळ्याच्या जागी सुजेची एक फट राहिली होती. नळकांडी बसवून झाली होती. ती किल्ली देत होती. पेटीच्या कडेवर, झिलईतून, काळे थेंब वर आलेले आनंदाला दारातूनच दिसले.

"बी, थांब!" तो म्हणाला. तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तिने किल्ली सोडली, चादर मागे सारली आणि या वेळी डोकं दुसऱ्या बाजूने वळवलं. ती डावा गाल टेकवायला वाकली.

आनंदाने झेप घेतली आणि गाल टेकणार त्या जागेवर आपला पंजा पसरला.

सुगराबी दचकून मागे झाली. उरलेल्या एका डोळ्याने तिने आधी त्या पंजाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तेल लावलंय मी," आनंदा पुटपुटला.

"काय?"

"आतून तेल लावलं. काजूचं."

"काय बोलतोस? मोठ्यानं बोल."

वाटभर त्याने ठरवलं होतं, हळूच सांगायचं, दोघांतच ठेवायचं. पण बहिऱ्या माणसाला हळूच काही सांगता येत नाही. नमाजहून परतणारी माणसं खिडकीखालून जात होती. आनंदाने डोळे मिटले आणि होडीच्या पुढच्या नाळेवरून मागच्या वरवलीवरच्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला.

"काजूचं तेल लावलं मी! पेटीला आतून! ते उतलंय तुज्या तोंडावर! नागीण नाय ही! माज्या पोरीचेबी हात गेले! माजी चूक हाय, माजी!"

खिडकीखालची पावलं थांबली. दारात नझीर येऊन उभा होता, डोक्यावर नमाजाची टोपी तशीच. तो काही बोलणार तोच सुगराबीने हात वर केला.

"माहीत हाय मला," ती म्हणाली.

नझीर दारातून दोन पावलं आत आला.

"खलाशाची बायको मी. बंदरावर जन्म गेला माझा. त्या तेलाचा वास मला नाय कळायचा? मंगळवारी रात्रीच गाल चुरचुरला तेव्हा समजलं." ती नझीरकडे वळली. "तुला सांगितलं असतं तर तू पेटी परत धाडली असतीस. ह्याने तेल खरवडलं असतं, फळी बदलली असती, आणि लाकूड परत मुकं झालं असतं. पाच वर्षांनी आला रे त्याचा आवाज. नागीण बोलला ना कुणी, मी गप बसले."

"अम्मी, डोळा जाईल!" नझीर ओरडला.

"एक जाईल," सुगराबी म्हणाली. "म्हणून तर आज हा गाल लावत व्हते."

बुडालेल्या माणसांना आनंदा भीत आला होता, पण असं भिण्यासारखं त्याने कधी काही पाहिलं नव्हतं. आपण नाव जाईल म्हणून गप्प बसलो होतो, ही आवाज जाईल म्हणून गप्प बसली होती, आणि दोघांच्या गप्प बसण्यात तिचा डोळा सापडला होता.

नझीर भानावर आला. त्याने खिडकीतून एकाला डॉक्टरकडे पिटाळलं आणि पेटी उचलायला पुढे झाला. "आत्ताच्या आत्ता ही बाहेर जाणार," तो म्हणाला. सुगराबीने दोन्ही हात पेटीच्या आडवे घातले.

"हात लावू नकोस नझीर, कपड्याशिवाय हात नको लावूस," आनंदा म्हणाला. त्याने खोबरेलाची बाटली आसियाच्या हातात दिली. "गेरू पूस आधी. पाणी नको, ह्यानं पूस. डोळ्याला जप." मग त्याने कमरेची काठी काढली.

दातांच्या वळांचं टोक त्याने धोतराला पुसलं. पुसून समाधान होईना. खिशातला चाकू काढून त्याने ते टोक सरळ छाटून टाकलं. पन्नास वर्षांचे दात एका तुकड्याबरोबर जमिनीवर पडले. ताजं, काळंभोर, गुळगुळीत टोक त्याने सुगराबीपुढे धरलं, दुसरं टोक पेटीच्या तळाला, मचव्याच्या त्या सागवानी फळीला टेकवलं, आणि स्वतःचे दात एकमेकांवर आपटून खूण केली.

सुगराबीने काठीकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मग तिने हळूच टोक दातांत धरलं.

"लाव गं पोरी," आनंदा म्हणाला.

आसियाने सुई टेकवली. भोंग्यातून खरखर आली, वाळूवर होडी ओढल्यासारखी. आनंदाने काठी फळीवर दाबून धरली होती. काठीने दगा दिला तर? हाड म्हातारं झालं असेल तर? सुगराबीचा चेहरा तसाच होता, दगडासारखा. अर्ध्या मिनिटाने तिचा तो एक डोळा मोठा झाला. त्यातून पाणी आलं आणि थांबेना. काठी दातांत असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. एका जागी तिने झटकन ती काढली, "येतं," म्हणाली, आणि लगेच पुन्हा दातांत धरली.

नळकांडी संपली. नझीर भिंतीला टेकून खाली बसला होता. डॉक्टर यायचे होते, डोळ्याचं काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि खिडकीबाहेरच्या माणसांतून 'काजूचं तेल' एवढे शब्द गल्लीत पुढे पुढे चालले होते. संध्याकाळपर्यंत ते बाजारात पोचणार होते. आनंदाला ते ऐकू येत होतं, आणि तो तिथून हलला नाही.

"मी तेल काढतो," तो सुगराबीच्या कानाशी ओरडला. "इथंच, तुज्या डोळ्यांसमोर. फळीला धक्का लावणार नाय. तवर काठी तुजी."

सुगराबीने मान हलवली. मग चादरीच्या टोकाने काठीचं टोक पुसून तिने ती त्याच्यासमोर धरली.

"आसिया," ती म्हणाली. "परत लाव."

"दादी, एकदाच ना? झिजेल."

"झिजू दे. तळ ह्याने घातलाय. ह्याला ऐकू दे."

आनंदा नको नको म्हणत मागे सरला. सुगराबीने काठी हटवली नाही. शेवटी तो गुडघ्यांवर बसला, टोक दातांत धरलं, आणि आसियाने सुई टेकवली.

आधी नुसता समुद्र. मग त्या खरखरीच्या फार आतून, सागाच्या फळीतून, शिसवीतून, त्याच्या स्वतःच्या डोक्यात एक तरुण माणूस खाकरला. त्या माणसाला काय बोलावं ते सुचत नव्हतं. दाराची कडी नीट लावत जा, म्हणाला. नझीरला पाण्याजवळ सोडू नकोस, म्हणाला. मग थोडा हसला, ओशाळल्यासारखा, आणि म्हणाला, "सुगरा, ऐकू येतंय का तुला?" आणि उत्तरासाठी थांबला.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. सुगराबीला तर काठीशिवाय बाजातलं काहीच ऐकू येत नव्हतं. पण ती आनंदाच्या चेहऱ्याकडे एका डोळ्याने बघत बसली होती, आणि प्रश्न आला ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"येतं," ती म्हणाली.